साठ दिवसांचा कागद



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. माझे वडील तर ती दर महिन्याला एकदा तरी म्हणत, कारण भाऊबंदकीतल्या एका बांधाच्या दाव्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. तेव्हा याच सदरात घर, विमा, मृत्युपत्र असल्या रुक्ष विषयांवर लिहिताना मी नेहमी सांगत आलो की कागदपत्रं आधी नीट ठेवा, म्हणजे कोर्टाचं तोंड बघावं लागणार नाही. यंदा मात्र उलटं सांगायचं आहे. कधीकधी पायरी चढावीच लागते, आणि इथे ती मोजून व वेळेत चढावी लागते. एक पायरी चुकली तर खरा दावासुद्धा खोट्यासारखा बाद होतो.

हे मी वकील म्हणून सांगत नाही. मी वकील नाही, सिव्हिल इंजिनिअर आहे. न्यू जर्सीत तीस वर्षं सांडपाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या लाइनी टाकण्याच्या कामात गेली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, पी.ई.चं लायसन्स अजून चालू ठेवलं आहे. त्या लायसन्सपायीच मी या गोष्टीत ओढला गेलो. ज्या ताईंची ही हकिगत आहे, त्यांनी स्वतः ‘काका, लिहा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल’ असं सांगितलं, म्हणून लिहितो. नावं, गाव, कंपन्या मुद्दामच वगळल्या आहेत.

ताईंचे यजमान मूळचे सांगलीकडचे. इकडे एम.एस. करून माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले. बांधकामावर जायचं, माती नीट दाबली गेली आहे का ते यंत्र लावून मोजायचं, आकडे लिहायचे आणि परत यायचं. वसुबारसेच्या दोन दिवस आधी एका टाऊनशिपच्या सांडपाण्याच्या लाइनीवर, नऊ फूट खोल चरात, पाइपाखालच्या थराची चाचणी घ्यायला ते उतरले आणि एका बाजूची माती खाली आली. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, मातीच ती, उकरून बाहेर येता येईल. एक घनयार्ड माती सुमारे तीन हजार पौंड भरते. एका छोट्या मोटारीचं वजन छातीवर आल्यासारखं आहे ते. त्यात माणसाला श्वास घेता येत नाही.

चर किती खोल झाला की काय करायचं, हे इथे मोघम नाही. केंद्र सरकारच्या ओशा खात्याचा नियम आहे: पाच फूट किंवा त्याहून खोल चर असेल आणि तो अखंड खडकात नसेल, तर बाजू उतरत्या कापायच्या, टेकू द्यायचे किंवा ट्रेंच बॉक्स लावायचा. ट्रेंच बॉक्स म्हणजे दोन जाड पोलादी भिंती आणि मध्ये आडव्या दांड्या; माणूस त्याच्या आत काम करतो. चार फुटांपासून पुढे शिडी लागते, तीही अशी की माणसाला पंचवीस फुटांहून जास्त चालावं लागू नये. काढलेल्या मातीचा ढीग कडेपासून दोन फूट लांब हवा. रोज, आणि पावसानंतर पुन्हा, जाणकार माणसाने चर तपासायचा. हे सगळं कामावरच्या प्रत्येकाला पाठ असतं. त्या दिवशी बॉक्स होता. रस्त्याच्या कडेला होता.

मंडळातल्या बायकांनी घर सांभाळलं, पुरुषांनी विमानाची तिकिटं काढली. ताई मुलीला घेऊन अस्थी घेऊन सांगलीला गेल्या. कृष्णेच्या घाटावर सगळं झालं, दिवस झाले, सासूबाईंनी राहून घेतलं. ताई परत आल्या त्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. आणि इथेच पहिली पायरी हुकता हुकता राहिली.

न्यू जर्सीत सरकारी संस्थेवर, म्हणजे राज्य, काउंटी, टाऊनशिप, शाळामंडळ यांच्यावर, दावा करायचा असेल तर घटनेपासून नव्वद दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस दिल्यावर सहा महिने थांबायचं आणि मगच कोर्टात जायचं. नव्वद दिवस उलटले तर वर्षाच्या आत न्यायाधीशांकडे उशीर माफ करण्याची विनंती करता येते, पण कारण असामान्य असावं लागतं. दुःख हे असामान्य कारण होईलच याची खात्री कुणी देत नाही. ताई परतल्या तेव्हा नव्वदातले अठ्ठ्याहत्तर दिवस संपले होते. आपल्या मंडळातल्या एका वहिनींनी, ज्या एका वकिलाच्या कचेरीत काम करतात, सहज विचारलं, ‘काम टाऊनशिपचं होतं का गं?’ त्या एका प्रश्नाने दावा वाचला.

ताईंना तर दावा करायचाच नव्हता. त्यांच्या मते कंपनीने सगळं केलं होतं. मालकाच्या विम्यातून, म्हणजे वर्कर्स कॉम्पेन्सेशनमधून, दर आठवड्याला रक्कम सुरू झाली होती. त्यासाठी सांगलीच्या लग्नाच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतरसुद्धा करून दिलं होतं. ओशाचे लोक येऊन फोटो काढून गेले होते. ‘सरकार बघतंय की,’ असं त्या म्हणाल्या. आपल्यापैकी बहुतेकांची समजूत हीच असते, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट लिहितो.

ओशा सहा महिन्यांच्या आत ठपका ठेवते आणि दंड करते. तो दंड सरकारी तिजोरीत जातो, घरच्यांना त्यातला एक डॉलरही मिळत नाही. ओशाचा अहवाल पुढे पुरावा मिळवायला उपयोगी पडतो, पण तो दावा नव्हे. दुसरं, वर्कर्स कॉम्पेन्सेशन हा एक सौदा आहे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, पैसे लवकर सुरू होतात. बदल्यात मालकावर खटला भरता येत नाही. मालकाने जाणूनबुजून केलं असं दाखवता आलं तरच अपवाद, आणि ती पायरी फार उंच आहे. पण हा सौदा फक्त मालकापुरता असतो. त्या जागेवरचे बाकीचे, म्हणजे खोदणारा कंत्राटदार, कामाचा धनी आणि देखरेखीची इंजिनिअरिंग कंपनी, हे सगळे ‘तिसरे पक्ष’. त्यांच्यावर दावा करता येतो. तो जिंकला तर मालकाच्या विमा कंपनीने दिलेले पैसे, वकिलाच्या फीचा वाटा वजा करून, त्यांना परत द्यावे लागतात, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

टाऊनशिपला नोटीस वेळेत गेली. मग दुसरी पायरी: दावा भरणार कोण? बायको म्हणून ताईंचा हक्क उघड वाटतो, पण कोर्टाला तो कागदावर हवा असतो. मृत्युपत्र नव्हतं. (गेल्या वर्षीच्या लेखानंतर मला फोन करून ‘पुढच्या वर्षी करतो’ म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं.) त्यामुळे काउंटीच्या सरोगेटच्या कचेरीत जाऊन नेमणूक घ्यावी लागली. सरोगेट म्हटल्यावर ताईंच्या चेहऱ्यावर जे प्रश्नचिन्ह उमटलं ते तुमच्याही चेहऱ्यावर उमटलं असेल. इथे मात्र हे वारसाचे कागद बघणारं कार्यालय आहे. दोन नेमणुका लागतात. मृत्यूबद्दलच्या दाव्यासाठी ‘ॲडमिनिस्ट्रेटर ॲड प्रॉसिक्वेंडम’, हे नाव मंत्रासारखं असलं तरी अर्थ एवढाच की फक्त हा दावा चालवण्यापुरता नेमलेला माणूस. आणि मृत्यूपूर्वी त्या माणसाने जे सोसलं त्याबद्दलच्या दाव्यासाठी साधा ॲडमिनिस्ट्रेटर. पहिल्या दाव्याचे पैसे त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांना मिळतात, दुसऱ्याचे त्यांच्या मालमत्तेत जमा होतात. हे सगळं करून मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत कोर्टात दावा दाखल झाला पाहिजे. दोन वर्षं पुष्कळ वाटतात. वर्षश्राद्ध होईपर्यंत त्यातलं अर्धं संपलेलं असतं.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात दावा दाखल झाला. कंत्राटदार, टाऊनशिप आणि टाऊनशिपची सल्लागार इंजिनिअरिंग कंपनी असे तीन प्रतिवादी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इंजिनिअरिंग कंपनीचं उत्तर आलं, आणि त्या दिवसापासून एक घड्याळ सुरू झालं, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहितो आहे.

न्यू जर्सीत १९९५ साली एक कायदा झाला. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनिअर, हिशेबनीस अशा लायसन्सधारी व्यावसायिकांवर कुणी निष्काळजीपणाचा दावा केला, तर नुसती तक्रार पुरत नाही. त्याच व्यवसायातल्या, योग्य लायसन्स असलेल्या माणसाचं शपथपत्र जोडावं लागतं, की या कामात वापरलेली काळजी, कौशल्य किंवा ज्ञान व्यवसायाच्या मान्य पातळीच्या खाली गेलं असण्याची वाजवी शक्यता आहे. याला ‘ॲफिडेव्हिट ऑफ मेरिट’ म्हणतात. प्रतिवादीचं उत्तर दाखल झाल्यापासून साठ दिवसांत ते द्यायचं. योग्य कारण दाखवलं तर न्यायाधीश आणखी साठ दिवस देऊ शकतात, तेही एकदाच. ते दिलं नाही तर दाव्यात काही दमच नव्हता असं धरलं जातं आणि त्या प्रतिवादीपुरता दावा साधारणपणे कायमचा बाद होतो. आत काय झालं, चूक कुणाची, हे कुणी उघडूनही बघत नाही.

खरं सांगायचं तर १९९५ साली मी या कायद्याच्या बाजूने होतो. आमच्या कंपनीत विम्याच्या हप्त्यांवरून रोज बोलणी व्हायची. रस्त्यावर कुणी घसरून पडलं तरी दाव्यात इंजिनिअरचं नाव टाकायची पद्धत होती. तडजोडीत थोडेफार पैसे सुटतात म्हणून. उठसूट होणाऱ्या दाव्यांना दारातच अडवावं, एवढाच त्यामागचा हेतू, आणि तो मला आजही पटतो. पण दार अडवणाऱ्याला आत कोण येतंय ते ओळखता येत नाही. ते फक्त कागद आहे की नाही ते बघतं.

ताईंच्या वकिलाने शपथपत्र दिलं होतं, तेही वेळेच्या आत. बांधकामावरच्या सुरक्षिततेत हयात घालवलेल्या एका तज्ज्ञाचं. चरांबद्दल त्याला माझ्याहून जास्त माहिती असेल. पण त्याच्याकडे इंजिनिअरचं लायसन्स नव्हतं. न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २०१४ साली एका शाळेच्या बांधकामाच्या खटल्यात सांगितलं आहे, की आर्किटेक्टवर दावा असेल तर शपथपत्र आर्किटेक्टचंच हवं, इंजिनिअरचं चालणार नाही. लायसन्सला लायसन्स जुळलं पाहिजे. मग सुरक्षा तज्ज्ञाचा कागद इंजिनिअरिंग कंपनीपुढे कसा टिकणार?

ही चूक कळली तीही एका चांगल्या व्यवस्थेमुळे. असल्या कागदाच्या घोळात खरे दावे फार बुडू लागले, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ठरवून दिलं, की उत्तर आल्यापासून नव्वद दिवसांत न्यायाधीशांनी सगळ्या वकिलांना बोलवावं. शपथपत्र दिलं आहे का, समोरच्याची त्यावर हरकत आहे का, तेव्हाच विचारून घ्यावं. आमच्या प्रकरणात ही बैठक सत्तेचाळिसाव्या दिवशी झाली. समोरच्या वकिलाने हरकत नोंदवली. हातात तेरा दिवस उरले, आणि तेही नाताळाचे.

वकिलाने तीन इंजिनिअरांना विचारलं. एकाने सांगितलं, आम्ही त्याच कंपनीबरोबर काम करतो. दुसऱ्याने सांगितलं, करत नाही, पण पुढे करायचं आहे. तिसऱ्याने फोन परत केला नाही. मग ताईंनी मला फोन केला. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, ‘काका, तुम्ही हेच काम करायचात ना?’

मी वकिलाला आधी सांगितलं, की मी या घराला ओळखतो. त्याने विचारलं, दाव्याच्या निकालात तुमचा पैशाचा संबंध आहे का? कायदा तेवढंच मना करतो. संबंध नव्हता, शपथपत्राचे पैसेही मी घेतले नाहीत. दुसरी अट, त्या विशिष्ट कामात किमान पाच वर्षं व्यवसाय केलेला असावा. माझी तीस झाली होती. तरी मी म्हटलं, कागद वाचल्याशिवाय सही करणार नाही. आणि वाचून पटलं नाही तर ताईंनाही तसंच सांगेन.

कागद हाती होते, कारण वकिलाने माहितीच्या कायद्याखाली, म्हणजे ओप्राखाली, टाऊनशिपकडून आधीच मागवून ठेवले होते. सरकारी कामाचं हे एक बरं असतं: करार, नकाशे, इंजिनिअरच्या रोजच्या नोंदी टाऊनशिपच्या दप्तरी येतात आणि कुणीही मागू शकतं, साधारण सात कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. (समोरच्याने लागणारे कागद मागूनही दिले नाहीत, तर शपथपत्राऐवजी तसं शपथेवर लिहून देण्याची सोयही १९९५च्या कायद्यात आहे.)

करारात नेहमीचं वाक्य होतंच: कामाची पद्धत आणि कामगारांची सुरक्षितता ही कंत्राटदाराची जबाबदारी, इंजिनिअरची नव्हे. असलं वाक्य मी स्वतः शेकडो करारांत घातलं आहे. पण त्याच करारात इंजिनिअरचा निरीक्षक पूर्ण वेळ हजर राहील, काम नकाशाप्रमाणे चाललं आहे का ते बघेल आणि रोजची नोंद ठेवेल, असंही होतं. निरीक्षक हजर होता. त्याने नोंदी ठेवल्या होत्या, अक्षर सुंदर होतं. अपघाताच्या दोन दिवस आधीची नोंद अशी: आडव्या जाणाऱ्या गॅसच्या पाइपामुळे बॉक्स बसत नाही, बॉक्स कडेला ठेवला, दक्षिणेची बाजू सुटते आहे, कंत्राटदाराला कळवले. दुसऱ्या दिवशी: बॉक्स कडेला, चाळीस फूट काम झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी: माती तपासणारे आले.

ती नोंद वाचून मी चष्मा काढून ठेवला. कारण तसलीच नोंद मी लिहिलेली आहे.

१९९१ सालची गोष्ट. या राज्यातली माझी पहिली नोकरी. आदल्या रात्री पाऊस झालेला, आठ फुटांचा चर, बॉक्स नाही. फोरमन पन्नाशीचा, मी सत्ताविशीचा, ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीच्या हातात. मी त्याला हळू आवाजात काहीतरी म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, काळजी करू नकोस. मी वहीत लिहिलं, ‘ट्रेंच बॉक्स वापरात नाही, फोरमनला सांगितले,’ आणि गाडीत जाऊन कॉफी प्यालो. त्या दिवशी चर पडला नाही. म्हणून ती नोंद आजवर कुणी वाचली नाही. मी आणि हा निरीक्षक यांच्यात फरक तेवढाच.

मी त्या वेळी मनाची समजूत घातली होती, की लिहून ठेवलं, माझं काम झालं. हे काम झालं नव्हतं, हे न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने पाचच वर्षांनी, १९९६ साली सांगितलं. वेस्ट विंडसर टाऊनशिपमध्ये सांडपाण्याच्या लाइनीच्या चरात एक कामगार दबून गेला होता. इंजिनिअरचा माणूस रोज जागेवर असे. न्यायालयाने म्हटलं, की ज्याला धोका दिसत होता, ज्याचं तिथे कामाच्या प्रगतीवर लक्ष ठेवणं हेच काम होतं आणि ज्याच्याकडे काम थांबवायला पुरेसं नियंत्रण होतं, त्याच्यावर त्या कामगाराच्या जिवाची काळजी घेण्याचं कर्तव्य येतं. प्रत्येक इंजिनिअर प्रत्येक अपघाताला जबाबदार, असा याचा अर्थ नाही. नकाशा काढून घरी बसलेल्यावर हे येत नाही. कडेला उभं राहून पाहणाऱ्यावर येतं. हा निकाल आमच्या कंपनीत वाटला गेला होता. मी त्यावर सही करून पुढे सरकवला होता.

मी लिहून दिलेलं शपथपत्र दीड पानाचं होतं. दोष सिद्ध झाला असं त्यात नव्हतं. ते माझं काम नव्हे. माझं लायसन्स, माझा अनुभव, कुठले कागद वाचले, आणि शेवटी ते एक वाक्य: मान्य पातळी सोडली गेल्याची वाजवी शक्यता आहे. शिपिंगच्या दुकानात नोटरी बसतो, त्याच्यापुढे सही केली. नाताळची पार्सलं घेऊन लोक मागे रांगेत उभे होते. नोटरीने शिक्का मारला आणि दुसरं काही पाठवायचं आहे का, असं विचारलं. तो सत्तावन्नावा दिवस होता.

आपल्या मंडळात निम्मे लोक इंजिनिअर. बातमी संक्रांतीच्या आधीच सगळीकडे पोचली. एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, ‘आपणच आपल्यावर सह्या करायला लागलो तर उद्या कोण निरीक्षक साइटवर उभा राहील?’ प्रश्न वाकडा नव्हता. मी दोन-तीन रात्री त्याचा विचार केला. उत्तर मला एवढंच सुचलं: हा कागद फक्त आपणच देऊ शकतो. डॉक्टर देऊ शकत नाही, वकील देऊ शकत नाही, सुरक्षा तज्ज्ञही देऊ शकत नाही. कायद्याने किल्ली आपल्या हातात दिली आहे. खोट्या दाव्याला नाही म्हणायला ती आहे, तशी खऱ्याला हो म्हणायलाही आहे. सगळ्यांनीच फोन उचलायचं बंद केलं, तर दाराला कुलूप लावून आपणच बाहेर पहारा देतोय असं होईल. त्या सहकाऱ्याला हे पटलं की नाही, ठाऊक नाही. पाडव्याला तो घरी येऊन गेला.

पुढे साक्षीसाठी वकिलाने दुसरा तज्ज्ञ घेतला, कारण मी ओळखीचा. ते योग्यच होतं. खटला उभा राहण्याआधी तडजोड झाली. रक्कम गोपनीय आहे आणि नसती तरी सांगितली नसती. एक मात्र ताईंना फार लागलं. न्यू जर्सीत मृत्यूच्या दाव्यात भरपाई आर्थिक नुकसानीची मिळते: गेलेला पगार, घरातलं काम, मुलीला मिळालं असतं ते मार्गदर्शन आणि सोबत, याची पैशातली किंमत. दुःखाची मिळत नाही. अर्थतज्ज्ञाच्या तक्त्यात एक ओळ होती, मुलीला गणित शिकवण्याचे आठवड्याचे तास गुणिले शिकवणीचा दर. ताई म्हणाल्या, ‘ते गणित शिकवायचेच नाहीत हो, ते मीच शिकवते. ते तिला रोज झोपताना गोष्ट सांगायचे.’ वकिलाने ती ओळ बदलली.

आता बाकीच्या राज्यांतल्या मंडळींसाठी थोडक्यात. घड्याळ सगळीकडे असतं, पण वेगवेगळ्या वेळी सुरू होतं. टेक्सासमध्ये इंजिनिअर-आर्किटेक्टवर दावा असेल तर शपथपत्र दाव्याच्या सोबतच जोडावं लागतं, आणि ते देणाऱ्याकडे त्याच व्यवसायाचं लायसन्स हवं. मुदत संपायला दहाच दिवस उरले असतील तर थोडी सवलत आहे. जॉर्जियातही तज्ज्ञाचं शपथपत्र साधारणपणे दाव्यासोबतच लागतं. कॅलिफोर्नियात वकील स्वतः प्रमाणपत्र देतो, की मी त्या क्षेत्रातल्या माणसाशी बोललो आहे आणि दाव्याला आधार आहे. न्यूयॉर्कमध्ये उंचीवरून पडण्याच्या अपघातांसाठी कामगारांच्या बाजूचा कडक कायदा आहे, पण काम न चालवणाऱ्या, नुसतं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला त्यातून वगळलं आहे. कंत्राटदारावरच्या दाव्याला न्यू जर्सीत हे शपथपत्र लागत नाही. आणि चूक कुणालाही कळण्यासारखी असेल तरही लागत नाही. दंतवैद्याने भलताच दात काढला त्या २००१च्या खटल्यात न्यायालयाने तसं म्हटलं. पण ‘आपली चूक तसलीच’ असं धरून बसू नका. कागद देऊन ठेवलेला बरा.

अशी वेळ कुणावर येऊ नये. आलीच तर आजूबाजूच्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, पुढच्या गोष्टी बघाव्यात. घरच्यांना त्या सुचणार नाहीत. काम सरकारी होतं का, हे पहिल्या आठवड्यात विचारा. त्यांचा फोन, बूट, हेल्मेट, डबा, काहीही टाकू नका, फोन बंद करून घेऊ नका; त्यात फोटो आणि निरोप असतात. जागेवरचे कागद आणि फोटो जपून ठेवा असं पत्र वकिलाकडून सगळ्या कंपन्यांना लवकर जाऊ द्या. विमा कंपनीच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. असे वकील बहुधा पैसे मिळाले तरच फी घेतात, त्यामुळे पहिली भेट परवडत नाही असं होत नाही. दावा इंजिनिअरवर असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, ‘शपथपत्र कुणाचं देणार, आणि त्याच्याकडे कुठलं लायसन्स आहे?’ आणि सांगलीला, पुण्याला, नागपूरला बसून हे वाचणाऱ्या आईवडिलांनो, लेकीला-सुनेला महिनाभर जवळ ठेवून घ्याच. फक्त जाण्याआधी तिने एका वकिलाला फोन केला आहे ना, एवढं विचारा.

शेवटचं, साइटवर जाणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी. तुमची वही कोर्टात वाचली जाते, म्हणून नीट लिहा, हे तुम्हाला सगळे सांगतील. मी वेगळं सांगतो. बॉक्स रस्त्याच्या कडेला दिसला तर वही खिशात ठेवा आणि माणसांना वर बोलवा. फोरमन हसेल. हसू द्या. साहेबाला फोन करा, काम थांबवा, नोंद नंतर करा. मला हे सत्ताविसाव्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी केलं असतं का, हे मी आजही खात्रीने म्हणू शकत नाही.

यंदा ताईंच्या घरी पुन्हा आकाशकंदील लागला आहे. मुलीने स्वतः कागद कापून केला आहे. थोडा तिरका झालाय, पण छान दिसतो.

आपणा सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. मृत्युपत्राचं मात्र विसरू नका.